नार्कोलेप्सीबरोबर जगताना: नुकतंच निदान झालेल्यांसाठी

नार्कोलेप्सी, म्हणजे झोपेचं नियंत्रण बिघडून दिवसा अनावर झोप येण्याचा मेंदूचा आजार. त्याच्या निदानाचा कागद हातात पडला की पहिले काही दिवस विचित्र जातात. एकीकडे सुटल्यासारखं वाटतं, कारण ज्याला सगळे आळस म्हणत होते तो आजार होता हे आता सिद्ध झालेलं असतं. दुसरीकडे तो जन्मभर सोबत राहणार हेही त्याच दिवशी कळतं. लक्षणं सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत अनेकांची आठ-दहा वर्षं गेलेली असतात. तेवढ्या काळात प्रत्येकाने झोपेशी भांडायची आपली एक पद्धत बसवलेली असते. कोणी तोंडावर पाणी मारतं, कोणी चिमटे काढतं, कोणी बैठकीत मुद्दाम उभं राहतं, आणि स्वतःला बोल तर सगळेच लावतात.

आधी ही पद्धत सोडा. नार्कोलेप्सीतली झोप मनाच्या जोरावर अडत नाही. तिला आपण वेळ नेमून दिली नाही तर ती स्वतः वेळ निवडते, आणि तिला नेमकी परीक्षेची, गाडीची किंवा गॅस पेटलेला असतानाचीच वेळ सापडते. पुढे सांगितलेल्या बहुतेक गोष्टी याच एका विचारातून आलेल्या आहेत.

बिघडलंय काय, ते थोडक्यात

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग असतो. तिथल्या काही पेशी हायपोक्रेटिन नावाचं रसायन तयार करतात. १९९८ मध्ये दोन वेगवेगळ्या संशोधक गटांनी ते जवळपास एकाच वेळी शोधलं, त्यामुळे ओरेक्सिन हे त्याचं दुसरं नावही तितकंच चालतं. जाग टिकवून धरणं आणि स्वप्नांच्या झोपेला तिच्या हद्दीत ठेवणं, ही त्याची दोन मोठी कामं. नार्कोलेप्सीचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात या पेशी बहुतांशी नष्ट झालेल्या असतात. शरीराची स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा त्यांच्यावर उलटत असावी, असं आज मानलं जातं. मग जाग आणि झोप यांच्यामधलं दार कडी नसल्यासारखं होतं, जरा वारा आला की उघडतं.

निरोगी माणसाला झोप लागल्यावर साधारण दीड तासाने पहिली स्वप्नझोप, म्हणजे रेम, लागते. आपल्याला ती पंधरा मिनिटांच्या आत लागू शकते. रेममध्ये शरीराचे स्नायू सैल पडलेले असतात, म्हणून स्वप्नात धावणारा माणूस खरोखर उठून धावत नाही. हाच सैलपणा जागेपणी आला तर त्याला कॅटाप्लेक्सी म्हणतात. उठताना किंवा झोपताना तो रेंगाळला तर झोपेतला लकवा, म्हणजे स्लीप पॅरालिसिस. स्वप्नच जागेपणात घुसलं तर भास. ही सगळ्यात भीतिदायक लक्षणं एकाच ठिकाणाहून येतात, आणि मनाने कमजोर असण्याशी त्यांचा काही संबंध नाही. हे पक्कं डोक्यात बसलं की निम्मी घबराट जाते.

दुसऱ्या प्रकारात कॅटाप्लेक्सी नसते आणि हायपोक्रेटिन सहसा ठीक असतं. तुमचं निदान दुसऱ्या प्रकारचं असलं तरी कॅटाप्लेक्सीचा भाग एकदा वाचून ठेवा, कारण काहींना ती काही वर्षांनी सुरू होते.

पायरी १: दोन आठवडे नोंद ठेवा

उपचार, सुट्टी, नोकरीतली सवलत या सगळ्यासाठी पुढे ही वही लागणार आहे. रोज चार-पाच ओळी पुरतात. झोप कधी आली, तेव्हा काय चाललं होतं, किती वेळ लागली, उठल्यावर ताजं वाटलं का? हातपाय सैल पडले असतील तर कोणत्या भावनेने, शरीराचा कोणता भाग, अंदाजे किती सेकंद? रात्री किती वेळा जाग आली? चहा-कॉफी आणि औषधांच्या वेळाही टिपा.

दहा-बारा दिवसांत एक आकृती दिसू लागते. बहुतेकांना दिवसात दोन ठरावीक घसरणीच्या वेळा सापडतात, म्हणजे अशा वेळा जेव्हा काहीही केलं तरी डोळे मिटतात. त्या वेळा सापडणं हाच या नोंदीचा खरा फायदा.

सोबत एपवर्थ स्लीपीनेस स्केल भरा. डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये मांडलेली ही साधी प्रश्नावली आहे: आठ प्रसंग, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २४. दहाच्या वर गुण गेले तर दिवसाची झोप नेहमीपेक्षा जास्त आहे असं धरतात. तुमच्यासोबत राहणाऱ्या माणसाकडूनही तुमच्याबद्दल ती भरून घ्या. आपली पेंग आपल्याला पूर्णपणे कळत नाही, त्यामुळे दोघांच्या आकड्यांत फरक पडतो आणि तो फरक डॉक्टरांना बरंच काही सांगून जातो. प्रत्येक औषधबदलानंतर पुन्हा भरा.

तपासण्या अजून व्हायच्या असतील तर एवढं लक्षात ठेवा: रात्रभराच्या झोपेच्या तपासणीनंतर दुसऱ्या दिवशी मल्टिपल स्लीप लेटन्सी टेस्ट होते. दोन-दोन तासांच्या अंतराने पाच वेळा वीस मिनिटांची झोपायची संधी दिली जाते. सरासरी आठ मिनिटांत किंवा त्याआधी झोप लागली आणि दोन किंवा अधिक वेळा लगेच रेम दिसली, तर ते नार्कोलेप्सीकडे बोट दाखवतं. आधीच्या रात्रींची झोप पुरेशी नसेल तर निकाल फसवा येतो. नैराश्यावरची औषधंही रेम दाबतात, म्हणून ती काही आठवडे आधी थांबवायला सांगितलं जातं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करा. कारण पुढे येईल.

पायरी २: डुलकीचं वेळापत्रक बसवा

घसरणीच्या वेळा सापडल्या की त्यांच्या पंधरा-वीस मिनिटं आधी डुलकी ठेवा. आधी, हा शब्द महत्त्वाचा आहे. झोप येईपर्यंत थांबलात तर तिने तुम्हाला आधीच गाठलेलं असतं. पंधरा ते वीस मिनिटांची डुलकी बहुतेकांना पुरते, आणि नार्कोलेप्सीतली छोटी डुलकी चक्क ताजंतवानं करते. हा या आजाराने दिलेला एकमेव दिलासा असावा. परिणाम कोणाला तासभर टिकतो, कोणाला दोन-तीन तास. तासभर झोपून काही मिळत नाही असं नाही, पण अनेकांना त्यानंतर डोकं जड वाटतं आणि रात्रीची झोप आणखी तुटते.

गजर दोन लावा, त्यातला एक हात पोचणार नाही अशा ठिकाणी. जागा रोज तीच असू द्या. झोप लागलीच पाहिजे असं नाही, डोळे मिटून पडलात तरी चालेल. पहिल्या आठवड्यात हे सगळं बावळटपणाचं वाटतं, विशेषतः झोप आलेली नसताना आडवं व्हायचं म्हणजे. तरीही रेटा. संध्याकाळी उशिराची डुलकी मात्र टाळा.

महत्त्वाचं काम, परीक्षा, लांबलचक बैठक असेल तर त्याच्या ठीक आधी एक जादा डुलकी घ्या. पोटभर जेवणानंतर, त्यातही पिष्टमय पदार्थ जास्त असतील तर, पेंग वाढते. दुपारचं जेवण दोन भागांत विभागून पाहा. कॉफीने थोडी मदत होते, पण दुपारनंतरची कॉफी रात्रीकडून वसुली करते. आणि डुलकी कितीही शिस्तीत घेतली तरी बहुतेकांना ती एकटी पुरत नाही, औषधंही लागतात. औषध घ्यावं लागलं म्हणजे आपण कुठे कमी पडलो, असा अर्थ लावू नका.

आता डुलक्यांइतकीच महत्त्वाची, पण कमी बोलली जाणारी गोष्ट. अर्धवट झोपेत हात चालूच राहतात. वहीतलं अक्षर हळूहळू वाकडं होत रेघोट्यांत विरतं, टाइप केलेल्या वाक्याच्या मध्येच भलताच मजकूर उमटतो, किल्ल्या फ्रिजमध्ये सापडतात. नंतर काही आठवत नाही. याला ऑटोमॅटिक बिहेवियर म्हणतात. यावर साधे नियम करा. घसरणीच्या वेळेत पैशाचे व्यवहार नाहीत, कुणाला महत्त्वाचा निरोप नाही, औषधाची गोळीही आठवणीवर नाही. गोळ्यांना वारांचे कप्पे असलेली डबी वापरा, म्हणजे घेतली की नाही हा प्रश्न डबीच सोडवते. यादीतल्या कामावर खूण काम संपल्यावरच करा. शिकत असाल तर तास रेकॉर्ड करायची परवानगी मागा.

पायरी ३: कॅटाप्लेक्सी ओळखा आणि खाली बसायला शिका

सगळ्यात जास्त गैरसमज या लक्षणाबद्दल आहेत. कॅटाप्लेक्सीत माणूस बेशुद्ध होत नाही. त्याला सगळं ऐकू येतं, सगळं कळतं, फक्त स्नायू साथ सोडतात. हे काही सेकंदांपासून साधारण दोन मिनिटांपर्यंत चालतं. श्वास चालू राहतो, कारण श्वासाचा मुख्य स्नायू यातून सुटलेला असतो.

पूर्ण कोसळणं तुलनेने कमी वेळा होतं. बहुतेक वेळा जबडा लोंबतो, बोलणं बोबडं होतं, मान पुढे झुकते, पापण्या जड होतात, हातातला कप निसटतो, गुडघे लटपटतात. हे छोटे झटके अनेकजण वर्षानुवर्षं धांदरटपणा म्हणून सोडून देतात. लहान मुलांमध्ये चित्र आणखी वेगळं असतं. चेहरा ओघळल्यासारखा दिसतो, तोंड उघडं, जीभ बाहेर, चाल डगमगती, आणि सुरुवातीला भावनेशी त्याचा संबंधही दिसत नाही.

भावनांमध्ये हसण्याचा नंबर पहिला. स्वतः विनोद सांगताना, शेवटचं वाक्य ओठांवर आलेलं असताना झटका येणं, ही तर जवळजवळ ओळखीची खूण आहे. जुना मित्र अचानक भेटणं, खेळात जिंकणं, कुणाला सडेतोड उत्तर सुचणं, काहींच्या बाबतीत राग. १८८० मध्ये या आजाराला नाव देणारे फ्रेंच डॉक्टर जेलिनो यांच्या रुग्णाचंही तेच होतं: जोरात हसू आलं किंवा धंद्यात चांगला सौदा दिसू लागला की त्याचे पाय दुमडायचे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात पाळलेल्या नार्कोलेप्सीच्या कुत्र्यांना आवडतं खाणं समोर आलं की ते लुळे पडत, आणि त्यांच्यातला जनुकीय दोष १९९९ मध्ये सापडल्यावरच या आजाराचं कोडं सुटायला लागलं. माणूस काय आणि कुत्रा काय, हा आजार आनंदाच्या वेळीच पाय ओढतो.

झटका येताना बहुतेकांना क्षणभराची पूर्वसूचना मिळते. चेहऱ्यावर थरथर, गुडघ्यांत पोकळपणा, मानेत सैलपणा. तुमची कोणती, ते वहीत शोधा. ती आली की करायचं काम एकच: खाली बसा. भिंतीला टेका, खुर्ची पकडा, जमिनीवर बसा. चारचौघांत बसायची लाज वाटते म्हणून ताठ उभं राहणाऱ्यांच्याच हनुवट्या फुटतात. बसल्यावर झटक्याशी झुंजू नका, तो उतरू द्या.

घरच्यांना आणि एक-दोन सहकाऱ्यांना आधीच सांगून ठेवा: डोकं आपटणार नाही एवढं पाहा, मान वाकडी होऊन श्वास अडत नाही ना ते बघा, तोंडात पाणी किंवा काहीही घालू नका, ओढून उभं करू नका. मला सगळं ऐकू येतंय हे लक्षात ठेवा. आणि कृपा करून त्या वेळी आणखी विनोद करू नका, झटका लांबतो. मार लागला असेल, शुद्ध गेली असेल किंवा नेहमीपेक्षा वेगळंच काही दिसत असेल, तर मात्र कॅटाप्लेक्सी समजून बसून राहू नका, वैद्यकीय मदत बोलवा.

झोप कमी झाली की झटके वाढतात. त्यामुळे जिथे हसणं-खिदळणं होणार अशा कार्यक्रमाला जाण्याआधी डुलकी घ्या आणि तिथे बसायची जागा आधी हेरा. बाळाला घ्यायचं असेल तर बसूनच घ्या. शरीरसंबंधाच्या वेळीही झटका येऊ शकतो. जोडीदाराशी हे एकदा स्पष्ट बोलून टाकलं की दोघांच्याही मनावरचं ओझं उतरतं.

एक गोष्ट हळूहळू घडते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. झटके टाळायचे म्हणून माणूस हसणंच टाळू लागतो. मित्रांच्या टोळक्यातून लवकर उठतो, चेहरा कोरा ठेवायला शिकतो, विनोद ऐकताना मनात पाढे म्हणतो. बाहेरून सगळं आटोक्यात दिसतं. माझ्या मते ही किंमत फार मोठी आहे, आणि उपचार ठरवतानाही ती फसवते. डॉक्टरांनी "महिन्यात किती झटके?" असं विचारलं आणि तुम्ही "दोन" म्हणालात, तर गोळी तेवढीच राहील. "दोनच, कारण मी हसतच नाही" हे पूर्ण वाक्य सांगा.

कॅटाप्लेक्सीसाठी व्हेन्लाफॅक्सिन, फ्लुओक्सेटिन, क्लोमिप्रामिन यांसारखी मुळात नैराश्यावरची औषधं वापरली जातात, कारण ती रेमला आवर घालतात. ती कधीही एकदम बंद करू नका. अचानक थांबवल्यावर झटके उसळून येतात, कधीकधी एकामागून एक तासन् तास. तपासणीच्या आधीही औषध स्वतःहून थांबवू नका असं वर म्हटलं ते यासाठीच. प्रवासाला निघताना चार दिवसांची जादा औषधं सोबत ठेवा, तीही हातातल्या पिशवीत.

पायरी ४: झोपेतला लकवा आणि भास

डोळे उघडे, खोली दिसतेय, पण बोटही हलत नाही. कोपऱ्यात कुणीतरी उभं आहे, छातीवर वजन आहे, पावलं जवळ येतायत. जगातल्या जवळजवळ प्रत्येक समाजात यावर भुताखेताची एखादी गोष्ट आहे, यात नवल नाही. प्रत्यक्षात रेम संपायच्या आत मेंदूचा एक भाग जागा झालेला असतो, एवढंच. हे काही सेकंद ते काही मिनिटं चालतं आणि आपोआप संपतं. छातीवर दाब वाटतो, कारण बरगड्यांचे स्नायू सैल असतात. श्वास थांबलेला नसतो.

त्या क्षणी सगळं अंग उचलायचा प्रयत्न केला की भीतीच वाढते. त्याऐवजी डोळे डावी-उजवीकडे फिरवा, कारण डोळ्यांचे स्नायू मोकळे असतात. श्वास सावकाश सोडा. मग पायाच्या एकाच बोटावर लक्ष ठेवा आणि ते हलवायचा प्रयत्न करा. शेजारी कुणी झोपत असेल तर आधी खूण ठरवा, उदाहरणार्थ घशातून निघणारा हुंकार किंवा भराभर श्वास. तो ऐकू आला की त्यांनी फक्त हात लावायचा किंवा नावाने हाक मारायची. बाहेरचा स्पर्श बहुतेक वेळा लकवा तोडतो. सुटल्यावर लगेच पुन्हा डोळे मिटू नका, तो परत येतो. दिवा लावा, दोन-चार मिनिटं उठून बसा. उताणं झोपल्यावर आणि झोप अपुरी असताना हे जास्त होतं, म्हणून कुशीवर झोपायची सवय लावा.

भासांबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण त्यांनी नाती बिघडतात. बिछान्याच्या काठावर, झोपताना किंवा उठताना, आवाज ऐकू येतात, माणसं दिसतात, अंगावर काहीतरी सरपटल्यासारखं वाटतं. त्याहून अवघड म्हणजे स्वप्नांच्या आठवणी खऱ्या आठवणींत मिसळतात. काल बहिणीशी भांडण झालं, साहेबांनी काम काढून घेतलं, बिल भरून झालं. सकाळी हे सगळं घडलेलंच वाटतं. त्यासाठी एक नियम पाळा: अशा आठवणीवरून कुणाला जाब विचारण्याआधी पुरावा शोधा. फोनमधली कॉलची यादी पाहा, मेसेज पाहा, बँकेची नोंद पाहा. विश्वासातल्या एका माणसाला "हे खरंच झालं का?" असं बिनधास्त विचारायची मुभा मागून ठेवा.

हे वेड नव्हे. पण भासांचं वर्णन अर्धवट ऐकून कुणी स्किझोफ्रेनियाची शंका घेऊ शकतं, आणि तसं चुकीचं निदान झालेले रुग्ण आहेत. म्हणून डॉक्टरांना सांगताना "फक्त झोपेच्या आगेमागे होतं" हे आवर्जून सांगा. उलट, भर दुपारी पूर्ण जागे असताना आवाज येऊ लागले किंवा कुणीतरी मागावर आहे असं वाटू लागलं, तर तेही लगेच कळवा, कारण जागं ठेवणाऱ्या औषधांचा तो दुष्परिणाम असू शकतो.

पायरी ५: रात्र सांभाळा

दिवसभर पेंगणाऱ्याला रात्री झोप लागत नाही, हे बाहेरच्यांना खोटं वाटतं. ते खरं आहे. झोप पटकन लागते, पण ती रात्रभर टिकत नाही. झोपायची आणि उठायची वेळ सुट्टीच्या दिवशीही तीच ठेवा. एवढा एक नियम पाळलात तर बाकीचे दहा सोडले तरी चालतील. घोरणं असेल, झोपेत श्वास अडखळत असेल, तर स्लीप ॲप्नियाची तपासणी करून घ्या. नार्कोलेप्सीसोबत तो असू शकतो आणि त्याचे उपचार वेगळे आहेत. स्वप्नात हातपाय झाडत असाल तर बिछान्याजवळच्या काचेच्या आणि टोकदार वस्तू हलवा.

सोडियम ऑक्सिबेट हे औषध रात्रीची झोप घट्ट करतं, आणि त्यामुळे दिवसाची पेंग व कॅटाप्लेक्सी दोन्ही कमी होतात. त्याची एक मात्रा झोपताना आणि दुसरी अडीच ते चार तासांनी, असा नेहमीचा क्रम असतो. ते फार झपाट्याने चढतं, म्हणून बिछान्यात बसूनच घ्यायचं. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांसोबत ते जिवावर बेतू शकतं. त्यात मिठातलं सोडियमही भरपूर असतं, त्यामुळे रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी सांगा. ते सगळ्या देशांत मिळत नाही.

पायरी ६: बाकीच्या औषधांबद्दल काय विचारायचं

मोडाफिनिल, आरमोडाफिनिल, मिथिलफेनिडेट आणि पिटोलिसंट ही दिवसा जागं ठेवणारी औषधं. त्यातली मोडाफिनिल आणि आरमोडाफिनिल सकाळी घ्यायची. सुरुवातीला डोकं दुखणं नेहमीचं. अंगावर पुरळ उठलं, विशेषतः ताप किंवा तोंडात फोड असतील, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम मोडाफिनिलमुळे कमी होतो, आणि ते बंद केल्यावरही महिनाभर ही अडचण राहते. हे अनेकींना कुणी सांगितलेलंच नसतं. गर्भधारणेचा विचार असेल तर सगळ्याच औषधांबद्दल आधी बोला.

मिथिलफेनिडेटने नाडी आणि रक्तदाब वाढू शकतात, भूक मरते. पिटोलिसंटचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, त्यामुळे चार दिवसांत निकाल लावू नका. तेही गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करू शकतं. सर्दीवरच्या अनेक साध्या गोळ्यांत पेंग आणणारं औषध असतं, ते विचारूनच घ्या. स्पर्धात्मक खेळात असाल तर मोडाफिनिल आणि मिथिलफेनिडेट दोन्ही स्पर्धेच्या काळात निषिद्ध यादीत आहेत, वैद्यकीय सवलतीचा अर्ज आधीच करावा लागतो. परदेशी जाताना डॉक्टरांची चिठ्ठी सोबत हवी, काही देशांत या औषधांवर कडक निर्बंध आहेत.

ओरेक्सिनचंच काम थेट करणाऱ्या औषधांवर सध्या मोठं संशोधन चालू आहे. आशा जरूर ठेवा, पण आजचा उपचार त्यासाठी पुढे ढकलू नका.

पायरी ७: जिथे चूक परवडत नाही अशा जागा

गाडी सगळ्यात वर. उपचार स्थिर होऊन डॉक्टरांनी होकार देईपर्यंत चालवू नका, दुचाकीही नाही. परवान्याचे नियम तुमच्याकडे काय आहेत ते विचारून घ्या, काही ठिकाणी आजार कळवणं बंधनकारक असतं. परवानगी मिळाल्यावरही निघण्याआधी डुलकी, छोटं अंतर, आणि पहिली जांभई आली की बाजूला थांबायचं. खिडकी उघडणं, गाणी मोठ्याने लावणं यांचा काही उपयोग नाही, कारण गाडी चालवताना नकळत लागणारी डुलकी दोन-तीन सेकंदांची असते आणि लागली होती हे नंतरही कळत नाही.

पोहायला एकट्याने जाऊ नका, आणि सोबतच्या माणसाला आजाराची कल्पना हवी. टबपेक्षा शॉवर बरा, न्हाणीघराची कडी लावू नका. स्वयंपाक करताना मागचा बर्नर वापरा, टायमर लावा, उकळतं पाणी हातात घेऊन फिरू नका. शिडीवर चढू नका. जिन्यात कठडा धरा आणि जिन्यात फोनवर विनोदी मित्राशी बोलू नका, हे मी गमतीने म्हणत नाही.

पायरी ८: सांगायचं कुणाला, आणि कसं

सगळ्यांना सगळं सांगायची गरज नाही. पण "समजून घ्या" अशी मोघम विनंती केली तर समोरच्याला काय करायचं ते कळत नाही. नेमकं मागा. "मला मेंदूचा एक आजार आहे, त्यात झोपेचं नियंत्रण बिघडतं. दिवसात दोनदा वीस मिनिटं शांत जागा मिळाली तर उरलेला वेळ मी नीट काम करू शकतो." विद्यार्थ्याने परीक्षेत मधली विश्रांती आणि तेवढा वाढीव वेळ मागावा. तो वेळ डुलकीसाठी आहे हे लेखी असावं, म्हणजे ऐनवेळी वाद होत नाही. दुपारच्या सलग बैठकांऐवजी सकाळच्या मागा, उभं राहून काम करायला उंच टेबल मागा.

घरात प्रश्न वेगळे. तुम्ही झोपलात म्हणजे तुम्हाला त्यांच्यात रस नाही, असा अर्थ मुलं लावतात, आणि कधी जोडीदारही. त्यांना एकदा रात्रभर जागून दुसऱ्या दिवशी गणिताचे हिशेब करायला कसं वाटेल ते विचारा, आमचा रोजचा दिवस साधारण तसा असतो. आणि या आजारात नैराश्य बऱ्याच जणांना येतं. सकाळी उठावंसंच वाटत नसेल तर ते नेहमीच्या पेंगेच्या खात्यावर टाकून देऊ नका, डॉक्टरांना वेगळं सांगा.

शेवटी एक कार्ड बनवा आणि पाकिटात ठेवा. त्यावर आजाराचं नाव, चालू औषधं व त्यांची मात्रा, घरच्या एका माणसाचा नंबर, आणि "झटक्यात मी शुद्धीवर असतो, मला ऐकू येतं" ही ओळ. शस्त्रक्रिया ठरली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे कार्ड आदल्या दिवशीच दाखवा. भुलेची मात्रा, जाग यायला लागणारा वेळ आणि रोजची कोणती औषधं त्या सकाळी घ्यायची, हे सगळं त्यांना त्यावरून ठरवायचं असतं.